मसुराची फलाफलं: आधी पाणी काढा, मग तळा

पहिल्या खेपेला माझ्या कढईत फलाफल झालंच नाही, आमटी झाली. तेलातली आमटी. आख्खा मसूर कुकरला दोन शिट्ट्या देऊन मऊ शिजवला, कांदा-लसूण घालून मळला, लाडवासारखे गोळे वळले आणि तापलेल्या तेलात सोडले. दहा-बारा सेकंद सगळं ठीक होतं. मग एकेका गोळ्याला भेग पडायला लागली, तेल फेसाळून कढईच्या काठापर्यंत आलं, आणि झाऱ्यात आला तो नुसता तपकिरी गाळ. ही मागेच उभी होती. म्हणाली, "अहो, डाळवड्याची डाळ कुणी शिजवून घेतलेली कधी बघितलीत का?"

नव्हती बघितली. पण फलाफल म्हणजे अरब देशांतले कडधान्याचे तळलेले वडे, काहीतरी परदेशी, त्याचे कायदे वेगळे असणार, असं डोक्यात बसलेलं.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला तपासणीच्या कामावर होतो, निवृत्त होईपर्यंत. जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला सुटा भाग, बिघडला तर तो भंगारात टाकायच्या आधी का बिघडला ते लिहून ठेवायचं, आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन नाही, हे तिथलं वळण. आता सावरकरनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात एक चौकटीची वही असते. फलाफलाच्या तिच्यात अकरा नोंदी आहेत. चुका पाहिल्या तर मसाल्याची एक, सोड्याची एक आणि बाकी सगळ्या पाण्याच्या. म्हणून खाली जे लिहितोय त्यात पाण्याचं पाल्हाळ जास्त आहे. मसाला तुम्ही तुमच्या जिभेप्रमाणे घाला, माझी हरकत नाही.

आधी एक खुलासा. मसूर हा काही फलाफलाचा मूळ धर्म नव्हे. इजिप्तमध्ये ते सालं काढलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांचं करतात आणि त्याला तामिया म्हणतात. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईनकडे काबुली चण्याचं. दोन्हीकडे एक गोष्ट समान: कडधान्य नुसतं भिजवतात, शिजवत नाहीत. मी मसुरावर आलो त्याचं कारण साधं आहे. काबुली चणे रात्रभर भिजवून, दळदळ दळूनही आमच्या जुन्या मिक्सरला झेपेनात, वास यायला लागला. मसूर लहान, लवकर भिजतो, पातं न अडता फुटतो, आणि त्याची चव मातकट-गोडसर असल्यामुळे धणे-जिऱ्याशी चांगली जमते.

शिजवलेलं का चालत नाही, हे समजून घेतलं की निम्मी रेसिपी पाठ होते. दाण्यात स्टार्च असतो. तो पाणी आणि उष्णता मिळाली की फुगतो आणि चिकट होतो, तांदळाचा भात होतो तसा. भिजवलेल्या कच्च्या मसुरात पाणी शिरलेलं असतं, पण स्टार्च अजून फुगलेला नसतो. तो कढईत गेल्यावर फुगतो आणि आजूबाजूच्या कणांना धरून ठेवतो. म्हणजे चिकटवायचं काम तेलातच होतं. शिजवून घेतलेल्या मसुराचं ते काम कुकरमध्येच उरकलेलं असतं, वर त्यानं भरपूर पाणी पिऊन ठेवलेलं. तेलात पडल्यावर त्या पाण्याची वाफ होते, वाफ वाट शोधते आणि गोळा फुटतो.

आता माप. चोवीस-पंचवीस नग होतात, चार माणसांना पोटभर.

आख्खा मसूर २०० ग्रॅम आणि हरभऱ्याची डाळ ५० ग्रॅम. नुसत्या मसुराचंही होतं, पण चण्याच्या डाळीनं कवच जास्त कडक येतं, हे सहाव्या नोंदीत आहे. सालं काढलेली केशरी मसूर डाळ घेऊ नका. ती तासाभरात भिजते खरी, पण मिक्सरमध्ये क्षणात तिचं गंध होतं आणि फलाफल आतून गच्च लागतं. साल हवीच. जांभळी नाक्याच्या बाजारात दाण्याच्या दुकानात गेलात तर मूठभर मसूर तळहातावर घेऊन बघा: दाणे एकसारखे, चकचकीत, सुरकुतलेले नसावेत. जुना माल असेल तर भिजवल्यावर गणंग फार निघतात. गणंग म्हणजे आठ तासांनंतरही दगडासारखे राहणारे दाणे. एक जरी दाढेखाली आला तरी पाहुणा दुसरं फलाफल उचलत नाही.

दोन्ही एकत्र धुऊन चौपट पाण्यात भिजत घाला. सात ते आठ तास. भिजल्यावर वजन साधारण दुप्पट होतं. मी काट्यावर बघतो, तुम्ही दाणा नखानं मोडून बघा: कट्‌कन तुटला, आणि आत मधोमध पांढुरका कोरडा ठिपका दिसला नाही, म्हणजे झालं. एप्रिल-मे महिन्यात पातेलं ओट्यावर ठेवू नका. ठाण्याच्या उकाड्यात सकाळपर्यंत वर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो, मग डोसे घालावे लागतात. त्या दिवसांत फ्रीजमध्ये भिजवायचं आणि दोन तास जास्त द्यायचे.

इथून पुढे सगळी लढाई पाण्याशी.

मसूर रोवळीत उपसा आणि निथळायला ठेवा. पाच मिनिटं नाही, अर्धा तास. मधे एक-दोनदा रोवळी आपटा, खाली अजून पाणी पडतं. मग कोरड्या पंच्यावर पसरा, वरून दुसरा पंचा दाबा आणि पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा. दाणे आतून ओले आणि बाहेरून कोरडे, मुठीत घेतले तर तळहाताला ओल लागू नये. पावसाळ्यात हा वेळ दुप्पट धरा. ज्या दिवसांत पापड डब्याबाहेर दहा मिनिटांत मान टाकतो, त्या दिवसांत मसूर कसा वाळणार?

कोथिंबिरीचंही तेच. बाजारात तिच्यावर दिवसभर पाणी मारत असतात, त्यामुळे जुडी ताजी दिसते आणि वजनही भरते. आदल्या रात्री निवडून, धुऊन, कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. एका मध्यम जुडीची पानं आणि कोवळ्या काड्या लागतात. पुदिना मूठभर, असला तर. कांदा एक मध्यम, अगदी बारीक चिरलेला. मिक्सरमध्ये टाकू नका, त्याचं नुसतं पाणी होतं. चिरून फडक्यात बांधून पिळा. पिळल्यावर निघालेलं पाणी मी एकदा मोजलं, दोन मोठे चमचे भरलं. ते दोन चमचे गोळ्यात गेले असते तर काय झालं असतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीत सविस्तर आहे.

लसूण सहा-सात पाकळ्या, हिरव्या मिरच्या तीन. धणे दोन लहान चमचे आणि जिरे दीड लहान चमचा, कोरडेच भाजून खलबत्त्यात अर्धवट कुटलेले. पुडीची धणे-जिरे पूड वापरली तर फलाफल बिघडत नाही, फक्त मुकं होतं. मिरपूड अर्धा चमचा. पांढरे तीळ एक मोठा चमचा. आलं, हिंग, कढीपत्ता नाही. ही म्हणते मग फरक तो काय राहिला. माझ्या मते फरक तोच: ही तीन आली की डाळवडा झाला.

वाटताना आधी लसूण, मिरच्या, कोथिंबीर आणि पुदिना फिरवून बाजूला काढा. मग मसूर, तोही दोन वेळात, भांडं अर्ध्याच्या वर न भरता. पाणी एक थेंबही नाही. मिक्सरचं बटण सुरू करून सोडून देऊ नका, उलट्या बाजूला झटके द्या: तीन झटके, झाकण उघडून चमच्यानं कडा खाली ओढायच्या, पुन्हा तीन झटके. पातं नुसतंच फिरतंय आणि मसूर वर चिकटून बसलाय, असं झालं की पाणी घालायचा मोह होतो. तो मोह झाला की पाण्याऐवजी लसूण-कोथिंबिरीचं वाटण एक चमचा घाला, तेवढ्यानं पातं धरतं.

किती वाटायचं, हे शब्दांत सांगणं कठीण, म्हणून जवळून बघा. चिमूटभर वाटण अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळा. लापशीच्या रव्यासारखं खरखरीत लागलं पाहिजे. बारीक रव्यासारखं लागलं तर एक झटका जास्त झाला. उजेडात धरलं तर तपकिरी सालीचे तुकडे, मधे केशरी ठिपके आणि इकडेतिकडे एखादा अर्धा राहिलेला दाणा दिसतो. तो अर्धा दाणा राहू द्या. आता तीच चिमूट मुठीत घट्ट दाबून उघडा. गोळा उभा राहिला आणि कडेनं जरासाच भुगा पडला, तर हे मिश्रण तेलात टिकणार. बोटांना चिकटपणा आला, चकाकी दिसली, तर पाणी किंवा वाटणं जास्त झालंय.

जास्त झालंच तर उपाय आहे: तांदळाची पिठी एक मोठा चमचा. बेसन नको. बेसनानं गोळा धरतो, पण चव भज्यांकडे जाते, आणि मग एवढा मसूर भिजवला कशाला? ज्या मिश्रणाला दोन चमच्यांपेक्षा जास्त पिठी लागते, ते सरळ तव्यावर धिरड्यासारखं थापा आणि नाश्त्याला खा. मी दोनदा खाल्लंय. वाईट लागत नाही.

सगळं एकत्र करा, पण मीठ आणि सोडा वगळून. मीठ का नाही, हे काकडीची कोशिंबीर करणाऱ्याला सांगायला नको. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. कांदा आणि कोथिंबीर दोघंही तेच करतात. मिश्रण झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. तेवढ्या वेळात कोरडे कण सुटी ओल पिऊन घेतात आणि वळताना गोळा हाताला चिकटत नाही. तेल तापायला ठेवलं की मग सव्वा लहान चमचा मीठ आणि पाव लहान चमचा खायचा सोडा घालून हलक्या हातानं कालवा. सोड्यानं आत थोडी जाळी पडते आणि बाहेर तांबूस रंग लवकर चढतो. पावचा अर्धा केलात तर साबणासारखा वास येईल, शिवाय सोडा जास्त झालेली भजी जसं तेल पितात तसं तुमचं फलाफल पिईल. लिंबू आत पिळू नका. एक तर ते पाणी, वर ते सोड्याला मारतं. लिंबू ताटात.

आता आकार. गोल गोळा देखणा दिसतो, पण घरच्या कढईत अर्धा-पाऊण लिटर तेलात तो बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहतो. मी चपट्या वड्या करतो: साधारण चार सेंटीमीटर रुंद, दीड सेंटीमीटर जाड, मधे किंचित फुगीर. पहिल्या दिवशी खरोखर व्हर्नियर कॅलिपर लावून मोजल्या, शून्य पूर्णांक शून्य दोन मिलिमीटरपर्यंत. नातीनं त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. काट्यावर एक वडी २५ ग्रॅम. ओल्या हातानं वळू नका, तेलाचं बोट लावा. कडा दाबून भेगा बुजवा, पण वडी घट्ट दाबून गोटा करू नका. वाफेला जायला जागा लागते.

तेल शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं. तापमान १७० ते १८० अंश सेल्सिअस. माझ्याकडे सळईचा थर्मामीटर आहे. तो नसेल तर वाटाण्याएवढा गोळा टाका: तळाला जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर आला की तेल तयार. तळाशीच बसून राहिला तर थांबा. पडताक्षणी वर तरंगून काळवंडला तर गॅस बंद करून दोन मिनिटं बाजूला व्हा.

एका वेळी पाच, फार तर सहा. घाई म्हणून एकदा दहा सोडली तर तेल १७५ वरून १५० च्या खाली आलं आणि परत चढायला तीन मिनिटं लागली. त्या तीन मिनिटांत कवच धरत नाही, तेल आत जातं, कडा सुटतात. सोडल्यावर पहिलं दीड मिनिट झारा लावायचा नाही. अजिबात. स्टार्च अजून फुगून बसलेला नसतो, तुम्ही ढकललंत की तुटतं. खालची बाजू तांबूस झाली की उलटा.

आणि आता कान द्या. सुरुवातीला बुडबुडे मोठे आणि आवाज जोरात, पावसाची सर पत्र्यावर पडावी तसा. ते बुडबुडे म्हणजे तेल उकळत नसतं, वडीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. जोवर वाफ बाहेर येतेय तोवर तेलाला आत जायला वाव नसतो. साधारण चौथ्या मिनिटाला बुडबुडे बारीक होतात आणि आवाज खाली येतो, रिमझिम म्हणा. म्हणजे कवचातलं पाणी संपलं. इथेच काढायचं. रंगावर जाऊ नका, मसूर मुळात तपकिरी, कोथिंबीर हिरवी, त्यामुळे रंग फसवतो. आवाज फसवत नाही. त्याही पुढे तळत राहिलात तर कडा कडू होतात.

काढल्यावर कागदावर रचू नका. खालच्या बाजूनं वाफ निघते, तिला जायला वाट नसते, ती तिथेच पाणी होऊन कवच मऊ करते. घोडबंदर रोडला एका ठिकाणी आम्ही हौसेनं फलाफल मागवलं होतं. झाकणाच्या डब्यात गरमागरम भरून दिलेलं, घरी येईपर्यंत इडलीसारखं झालं. म्हणून जाळी. आमच्याकडे पापड भाजायची मोठी जाळी आहे, ती ताटावर आडवी ठेवतो. पहिलं फलाफल मोडून बघा: बाहेर बोटाच्या नखाएवढं जाड कवच, आत हिरवट, ओलसर पण कच्चट वास नसलेला गर. कच्चट वास आला तर पुढच्या घाण्याला आच एक खूण कमी आणि वेळ एक मिनिट जास्त.

कमी तेलात हवं असेल तर आप्पेपात्र उत्तम. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल, झाकण न ठेवता मंद आचेवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं. एअर फ्रायरमध्येही करून पाहिलं. तेल फासूनसुद्धा कोरडं होतं, घास गिळायला पाणी लागतं.

बरोबर तिळाची चटणी, म्हणजे ताहिनी. संक्रांतीचे उरलेले पांढरे तीळ १०० ग्रॅम, मंद आचेवर रंग बदलायच्या आत उतरवा, नाहीतर कडवट होतात. थंड झाल्यावर दोन-तीन चमचे तेल घालत गुळगुळीत होईपर्यंत वाटा. मग लिंबाचा रस, एक ठेचलेली लसूण पाकळी, मीठ. आता थोडं थोडं पाणी घालून फेटा. पहिल्या चमच्याला ते सैल होण्याऐवजी एकदम घट्ट, फाटल्यासारखं होईल. घाबरून तेल ओतू नका, पाणीच घालत राहा. तीन-चार चमच्यांनंतर रंग उजळतो आणि चटणी ओतता येते इतकी सैल होते. सगळ्या प्रकरणात पाणी कामाला येतं ते एवढ्या एका ठिकाणी.

पिटा ब्रेड शोधत फिरलो नाही. लादीपाव तव्यावर शेकायचा, ताहिनी, काकडी, टोमॅटो, व्हिनेगर-मिठात मुरवलेल्या मुळ्याच्या चकत्या, वर दोन फलाफलं दाबून. नात त्यात वडापावची सुकी लाल चटणी भुरभुरते. बघवत नाही, पण चव जमते.

उरलेलं मिश्रण मीठ-सोडा न घालता झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतं. जास्त दिवसांसाठी मीठ घालून वड्या थापा, ताटात सुट्या ठेवून फ्रीजरमध्ये गोठवा आणि मग पिशवीत भरा. तळताना बाहेर काढून ठेवू नका, सुटणारं पाणी पुन्हा आपल्याच डोक्याला ताप. गोठलेल्याच, एका वेळी चार, थोड्या मंद आचेवर. तळलेली उरली तर झाकून ठेवलेल्या डब्यात नव्हे, उघड्या तव्यावर गरम करा.

बाराव्या खेपेची नोंद करायला परवा वही उघडली तर आधीच काहीतरी लिहिलेलं. हिचं अक्षर. "आलं घालून बघा." तारीखही घातली होती, माझ्या पद्धतीनं. घरात आलं आहे. अजून घातलेलं नाही.